बिनधक्क्यांनी केलेला कोर्स

डॉक्टरांनी बिनधक्क्यांचा डावा डोळा झाकला आणि आपलं बोट वर धरून विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय."

"आता?"

"आता काढून घेतलंत तुम्ही."

"काढलं नाही," डॉक्टर म्हणाले. "इथंच आहे. तुमच्या उजव्या कानाजवळ."

एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, बावीस वर्षांचं ड्रायव्हिंग असं संपलं. काचबिंदू होता. उजव्या बाजूचं दिसणं हळूहळू गेलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळायचं तरी कसं. आहे तेवढी नजर थेंबांनी टिकेल, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बिनधक्के खाली मान घालून डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्याची घडी करत राहिले. चार घड्या झाल्या, पाचवी होईना.

डेपोत त्यांना सगळे बिनधक्के म्हणायचे. गाडी थांबवताना उभ्या माणसाला दांडी धरावी लागत नाही, अशी त्यांची ख्याती होती. कोणा जुन्या कंडक्टरने चेष्टेत नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की नव्याने लागलेल्या पोरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकाने तर रजेच्या अर्जावर 'श्री. बिनधक्के यांच्या जागी' असं लिहून दिलं होतं आणि मॅनेजरांनी त्यावर सहीही केली होती.

त्याच मॅनेजरांनी आता त्यांना भांडारात टाकलं. भांडार म्हणजे वर्कशॉपच्या मागची लांबट खोली. आत लोखंडी रॅक, त्यावर सुट्या भागांची खोकी, आणि पुढे जाळीची खिडकी. मेकॅनिक मागणीची चिठ्ठी खिडकीतून आत सरकवणार, आतल्या माणसाने तो भाग काढून द्यायचा. आतली माणसं दोनच: एक बिनधक्के, आणि दुसऱ्या भांडारप्रमुख बाई. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, दोन्ही गुडघे कामातून गेले होते, आणि साडेतीन हजार भाग कुठे ठेवलेत ते त्यांच्या डोक्यात होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"काम सोपं आहे," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "आहे म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं."

पहिल्या आठवड्यात बिनधक्क्यांनी 'नाही' किती वेळा म्हटलं ते मोजलं. एकोणसाठ वेळा. फॅन बेल्ट नाही, ऑइल सील नाही, ब्रेकचे लायनर पुढच्या आठवड्यात बघू. वर्कशॉपच्या भिंतीला नऊ गाड्या ओळीने उभ्या होत्या. इंजिन धड, बॉडी धड, आणि तळहातावर मावेल एवढ्या रबराच्या कडीसाठी गाडी तीन आठवडे जागची हललेली नाही. त्यातली एक त्यांचीच होती, शेवटची सहा वर्षं चालवलेली. जेवायच्या सुट्टीत ते तिच्या टायरला टेकून डबा खायचे आणि त्यांना राग यायचा. नेमका कोणावर, ते ठरत नव्हतं.

गाडी बंद पडली की काय होतं ते बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. बिनधक्क्यांनी पाहिलं होतं. भर उन्हात चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला उतरवली होती. एका गरोदर बाईला स्वतःच्या सीटवर बसवून पाण्याची बाटली दिली होती, आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी तुटलेला बेल्ट बदलायला हवा हे मेकॅनिकने आधीच लिहून दिलं होतं. भांडारात नव्हता, म्हणून जुन्यावरच गाडी सोडली होती.

दोन महिन्यांनी बाई गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी चार महिन्यांच्या रजेवर गेल्या आणि खोलीत बिनधक्के एकटे उरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला. ब्रेक लायनर संपत आले होते.

"मागणी कधी पाठवली?" पलीकडचा क्लार्क म्हणाला.

"आत्ताच करतोय की."

"आत्ता? अहो, लीड टाइम धरून करायची ना. रीऑर्डर लेव्हल काय ठेवलीय तुम्ही?"

बिनधक्क्यांनी समोरच्या चिठ्ठीवर 'लीड टाइम' असं लिहून घेतलं.

"बाई कधी येणार परत?" क्लार्कने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

संध्याकाळी घरी ते चहाचा कप हातात धरून बसून राहिले. चहा निवला. बायकोने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. सून शेजारच्या टेबलावर टायपिंगचं काम करत होती. ती दिवसभर घरूनच एका कंपनीचं काम करायची. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यामुळे सासऱ्याशी तिचं चांगलं जमायचं. दोघांनाही घरात बोलायला माणूस लागायचं.

"पोरी," ते म्हणाले, "लीड टाइम म्हणजे काय ग?"

तिने कॉम्प्युटरवर शोधलं. शोधता शोधता लीड टाइम राहिला बाजूला आणि तिला एक कोर्स सापडला. पुरवठा साखळीची मूलतत्त्वं, आठ आठवडे, फी नाही, शेवटी परीक्षा. शिकवणारे प्राध्यापक कुठल्या तरी परदेशी विद्यापीठातले, पण मराठी आवाजाची सोय होती.

"यात सगळं येतं बाबा. माल कधी मागवायचा, किती ठेवायचा, कुठून आणायचा."

"मी दहावी आहे."

"इथं शिक्षण विचारलेलं नाही. फक्त नाव आणि ईमेल."

"ईमेल नाही मला."

"ते पाच मिनिटांत होतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणालेत डॉक्टर."

"ऐकायचं आहे. कानाला काही झालेलं नाही माझ्या."

पहिल्या फेरीच्या सवयीने त्यांना अजूनही पहाटे चारला जाग यायची. आता त्या वेळेचा उपयोग झाला. साडेचारला कानात हेडफोन, समोर सुनेचा लॅपटॉप, हातात जाड मार्कर. बारीक अक्षर डोळ्यांना झेपत नसे, म्हणून जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या बाजूला बोटभर उंचीची अक्षरं काढून ते टिपणं घ्यायचे. एका कागदावर चारच ओळी मावायच्या. पंधरवड्यात कागदांचा ढीग गुडघ्याएवढा झाला.

मराठी आवाजाची मात्र एक गंमत होती. तो कोणा माणसाचा नव्हता, मशीनने भाषांतर करून मशीनच बोलत होतं. पहिल्या धड्यात ते मशीन गंभीरपणे म्हणालं, "आता आपण शिसे वेळ समजून घेऊ." बिनधक्क्यांनी तीनदा मागे नेऊन ऐकलं. शिसं? बॅटरीत असतं ते? त्यांनी मोठ्या अक्षरात 'शिसे वेळ' लिहून घेतलं आणि सून उठल्यावर तिच्यापुढे धरलं. ती हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली.

"लीड टाइम हो बाबा. इंग्रजीत शिसं आणि हे, दोन्हीचं स्पेलिंग एकच. मशीनला काय कळतंय."

"म्हणजे त्या क्लार्कचं तेच हे?"

"तेच. मागणी पाठवल्यापासून माल हातात पडेपर्यंत लागणारे दिवस."

"एवढंच?"

"एवढंच."

बिनधक्क्यांना त्या क्लार्कचा राग आला तो आला, पण स्वतःचा जास्त आला. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

पहिल्या आठवड्याच्या चाचणीत दहापैकी चार आले. पास व्हायला सहा हवे होते. परत दिली, पुन्हा चारच. तिसऱ्यांदा पाच. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि बूट घालून डेपोत निघून गेले, नाश्ताही केला नाही. बायकोला वाटलं, सुटलं एकदाचं हे खूळ. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला परत कळफलकाचा आवाज आला. तिने उठून न बोलता त्यांच्या पाठीवर शाल टाकली आणि परत झोपली. पाचव्यांदा त्यांना सात मिळाले.

अडत होतं ते गणितावर. फेरमागणीची पातळी, म्हणजे साठा कुठल्या आकड्यावर आला की नवी मागणी पाठवायची, हे सूत्राने काढायचं होतं, आणि सूत्र बघितलं की त्यांच्या डोक्यात धुकं यायचं. एका सकाळी डेपोकडे जाताना ते बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. नवा मुलगा चालवत होता. थांब्याच्या अगदी तोंडावर येऊन त्याने ब्रेक दाबला आणि सगळी माणसं पुढे कोलमडली. बिनधक्के मनात म्हणाले, अरे, थांबा दिसल्यावर कसला ब्रेक मारतोस, गाडीला थांबायला किती वेळ लागतो ते बघून आधी मारायचा. रस्ता ओला असेल तर आणखी आधी. आणि तिथंच त्यांना ते सूत्र कळलं. रोजचा खप म्हणजे वेग, लीड टाइम म्हणजे थांबायला लागणारा वेळ, आणि ओल्या रस्त्यासाठी जे जास्त धरायचं तो राखीव साठा. त्यांचा थांबा जाऊन आणखी दोन थांबे झाले तरी त्यांना उतरायचं भान नव्हतं.

आता त्यांनी भांडारातली जुनी साठा-कार्डं काढली. दीड वर्षाची. प्रत्येक भागाच्या कार्डावर मागवला किती, आला किती, गेला किती, तारखेसकट लिहिलेलं होतं. बाईंचं अक्षर मोत्यासारखं होतं, फक्त त्या आकड्यांची बेरीज कधी कोणी केली नव्हती. बिनधक्क्यांनी सहाच भाग निवडले, ज्यांच्यावाचून गाड्या सगळ्यात जास्त अडतात ते. हेड ऑफिस सांगायचं की माल दहा दिवसांत येतो. कार्डं सांगत होती, सरासरी तेवीस दिवस.

पण दुसरी गोष्ट त्याहून विचित्र निघाली. गाड्यांच्या जॉबकार्डांप्रमाणे, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींप्रमाणे, महिन्याला फॅन बेल्ट बदलले जात होते अकरा. मेकॅनिकांच्या चिठ्ठ्यांवर मागणी होती चाळीसची. मग उरलेले एकोणतीस कशाला?

याचं उत्तर पाचव्या आठवड्याच्या धड्यात होतं. मशीन म्हणालं, "याला बैल चाबूक परिणाम म्हणतात." बिनधक्के आता अशा गोष्टींना दचकत नसत. अर्थ सरळ होता. एकदा माल मिळाला नाही की माणूस पुढच्या वेळी दुप्पट मागतो. दुप्पट मागितला की दुसऱ्याला मिळत नाही, मग तो तिप्पट मागतो. वरच्याला वाटतं खप वाढलाय. खप तेवढाच असतो, वाढलेली असते ती भीती.

माल कुठे गेला ते मग विचारायची गरज उरली नाही. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला मेकॅनिकांची सोळा कपाटं होती, प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप.

मोठे मिस्त्री हे वर्कशॉपचं शेवटचं न्यायालय. आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यायचा. बिनधक्के त्यांच्याकडे गेले तेव्हा ते एका गाडीखाली आडवे होते.

"मिस्त्री, कपाटांत किती बेल्ट आहेत?"

गाडीखालचे पाय हलायचे थांबले. मिस्त्री सरपटत बाहेर आले. "झडती घ्यायला आलात?"

"नाही."

"मॅनेजरला सांगणार?"

"सांगायचं असतं तर तिकडेच गेलो असतो."

"मग ऐका. मी माल घरी नेत नाही. खिडकीत गेलं की नाही म्हणतात, म्हणून मिळेल तेव्हा दोन जास्त घेऊन ठेवतो. माझी गाडी अडत नाही त्यामुळे."

"तुमची अडत नाही. पलीकडच्याची अडते. तो तुमच्यामुळे नाही तर दुसऱ्या कोणामुळे तरी अडतो. मी चालवत होतो तेव्हा रस्त्यावर बंद पडायची ती माझी गाडी पडायची, मिस्त्री. तुमचं कपाट तिथं नसायचं."

मिस्त्रींनी हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

बिनधक्क्यांनी आपलं म्हणणं मांडलं. फक्त सहा भाग. तेवढे सगळ्यांनी कपाटांतून काढून परत द्यायचे. बदल्यात एक महिना खिडकीतून या सहा भागांना 'नाही' ऐकू येणार नाही. एक हवा तर एकच मागायचा, तिथल्या तिथे मिळेल.

"आणि नाही मिळाला तर?"

"तर तुम्ही कपाटं भरा, मी परत कधी तोंड उघडणार नाही."

शनिवारी दुपारी कपाटं उघडली. सहा भागांचे मिळून दोनशे चौदा नग निघाले. एका कपाटात तर पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचे वायपर होते. सगळे एकमेकांकडे बघून हसले आणि हसता हसता जरा वरमले.

बिनधक्क्यांनी प्रत्येक भागासाठी दोन खोकी केली. समोरचं खोकं वापरायचं. ते रिकामं झालं की त्याच दिवशी हेड ऑफिसला मागणी पाठवायची आणि मागच्या खोक्याला हात घालायचा. मागच्या खोक्यात किती ठेवायचे, तो आकडा सूत्राने काढलेला. हे त्यांनी घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बायको त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि फळीवरचे साखरेचे दोन डबे दाखवले.

"पहिला संपला की यादीत लिहिते, दुसरा उघडते. तीस वर्षं झाली. माझी कोणी परीक्षा नाही घेतली."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

तीन आठवडे छान गेले. चिठ्ठ्यांवर चाळीसच्या जागी अकरा-बारा यायला लागले. भिंतीजवळच्या नऊ गाड्यांतल्या चार रस्त्यावर गेल्या. आणि चौथ्या आठवड्यात ब्रेक लायनर अडले.

मागणी वेळेवर गेली होती. तेवीस दिवस झाले, माल नाही. पंचविसावा, सव्विसावा. कारखान्यातच उत्पादन थांबलंय, हेड ऑफिस म्हणालं, अजून आठ-दहा दिवस लागतील. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मागच्या खोक्यात दोन सेट उरले. रोजचा खप तेवढाच होता.

बिनधक्क्यांनी खिडकी बंद केली, सगळी कार्डं पुन्हा जमिनीवर मांडली आणि चूक शोधली. ती सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी लीड टाइमची सरासरी धरली होती आणि वर थोडेसे राखीव. दीड वर्षात एकदा माल छत्तिसाव्या दिवशी आला होता, ते कार्डावर लिहिलेलं होतं, त्यांनीच ते 'एखादवेळेस होतं' म्हणून सोडून दिलं होतं. ओल्या रस्त्याचं अंतर मोजायला ते विसरले होते. ते, ज्यांनी बावीस वर्षं तेवढंच केलं होतं.

मॅनेजरांना सांगून वेळ मारून नेता आली असती. कारखाना बंद, आपण काय करणार. ते उठले आणि सरळ मिस्त्रींकडे गेले. आसपास पाचसहा मेकॅनिक होते. तेही ऐकू देत म्हणून ते हळू बोलले नाहीत.

"उद्यापासून लायनर नाहीत. कारखाना बंद आहे, पण चूक माझी आहे. मी सरासरीवर आकडा काढला, वाईटात वाईट दिवस धरला नाही. शब्द दिला होता, तो मोडतोय. शेजारच्या डेपोला फोन करून बघतो, पण मिळतीलच असं सांगत नाही."

 एक जण हातातला पाना उगाच दुसऱ्या हातात घेत होता. मिस्त्री उठून निघून गेले. बिनधक्के भांडारात परतले, शेजारच्या डेपोचा नंबर फिरवला, तो लागेना. परत फिरवला.

खिडकीवर टकटक झाली. मिस्त्रींनी एक खोकं जाळीतून आत ढकललं. त्यात लायनरचे सहा सेट होते, कोरे, प्लास्टिकमध्ये.

"त्या दिवशी मोजताना राहून गेले होते," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती.

"असं होतं कधीकधी," बिनधक्के म्हणाले आणि कार्डावर नोंद केली: सहा, जमा.

संध्याकाळपर्यंत आणखी चौघांच्या मोजण्यातून राहून गेलेले निघाले. एकूण एकोणीस सेट. छत्तिसाव्या दिवशी दुपारी मालाचा ट्रक फाटकातून आत आला तेव्हा खोक्यात तीन उरले होते. बिनधक्क्यांनी त्याच दिवशी सहाही भागांचे आकडे नव्याने काढले आणि मागच्या खोक्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

कोर्सची शेवटची परीक्षा एका रविवारी दुपारी होती. चाळीस प्रश्न, दोन तास, खोलीत एकट्याने बसायचं, लॅपटॉपचा कॅमेरा चालू. सुनेने पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली आणि दार ओढून घेतलं. बायकोने टीव्ही बंद केला.

नवव्या प्रश्नाला पडद्यावर लाल पट्टी आली: आपण पडद्याबाहेर पाहत आहात. ही पहिली सूचना. बिनधक्के गोंधळले. ते तर पडद्याकडेच बघत होते. मग लक्षात आलं. उजव्या बाजूचं दिसत नसल्यामुळे मान उजवीकडे वळवून, डाव्या बाजूने बघायची त्यांना सवय लागली होती. कॅमेऱ्याला वाटत होतं, हा माणूस बाजूला कोणाकडे तरी बघतोय. त्यांनी मान सरळ केली, तर अर्ध्या ओळी दिसेनात. लॅपटॉप डावीकडे सरकवला, हनुवटीला मूठ लावली. अठराव्या प्रश्नाला दुसरी सूचना. सत्ताविसाव्या प्रश्नात एक लांबलचक तक्ता होता, तो वाचता वाचता मान आपसूक फिरली आणि परीक्षा बंद झाली. पडद्यावर लिहून आलं की नियमभंग झाल्यामुळे आपला प्रयत्न रद्द करण्यात आला आहे.

ते बाहेर आले तेव्हा घड्याळात सव्वा तासच झाला होता. सुनेने चेहरा बघितला. त्यांनीच सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"मी लिहिते त्यांना. माफी मागते, विनंती करते."

"माफी कसली? मी कॉपी केलेली नाही." ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "मी सांगतो तसं लिही. काय झालं ते क्रमाने. डॉक्टरांचा दाखला जोड. आणि लिही की मला मार्क नकोत, परीक्षा हवी आहे."

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं, मग तिसरं. तिसऱ्याला उत्तर आलं: पुन्हा परीक्षा द्या, या वेळी मशीनऐवजी आमचा माणूस कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवेल. मधल्या दिवसांत त्यांनी आठही आठवडे पहिल्यापासून परत ऐकले होते. चाळीसपैकी एकोणतीस मिळाले. पास व्हायला चोवीस लागत होते. निकाल वाचून झाल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, चुकलेले अकरा कुठले ते कळतील का.

बाई रजेवरून काठी टेकत परतल्या. नवीन खोकी, चिठ्ठ्या, आकडे, सगळं हळूहळू फिरून बघितलं. बिनधक्के मागे उभे, शाळेत तपासनीस आल्यासारखे.

"माझ्या डोक्यात होतं सगळं," बाई म्हणाल्या.

"होतं ना. म्हणूनच तुम्ही चार महिने नव्हतात तर मला काही सापडेना."

 तिसऱ्या रॅकपाशी बाई थांबल्या, एका खोक्यातून दोन ऑइल सील काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही दोन वेगळी आहेत. दोन मिलिमीटरचा फरक आहे. एकत्र टाकलेत तुम्ही. हे त्या कोर्समध्ये नसेल."

नव्हतं. त्यांनी दोन्ही सील बोटांनी चाचपून पाहिली. डोळ्यांना कळला नसता असा फरक बोटांना कळला. पुढचं दीड वर्ष दोघं मिळून साडेतीन हजार भाग एकेक करून कागदावर उतरवत राहिली. बाई स्टुलावर बसून सांगायच्या, बिनधक्के जाड मार्करने लिहायचे. एखाद्या भागावरून वाद झाला की मिस्त्रींना बोलवायचे, आणि मिस्त्री आले की वाद वाढायचा. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शेवटच्या रॅकचे चाळीसएक भाग राहिले होते. त्यासाठी त्या पुढचा महिनाभर दर बुधवारी रिक्षाने येत राहिल्या.

भांडारप्रमुख आता बिनधक्के आहेत. थेंब दिवसातून दोनदा घालतात, नजर आहे तेवढी टिकून आहे. भिंतीजवळ सध्या दोन गाड्या उभ्या आहेत. एकीला अपघात झालाय, तिचं काही भांडाराच्या हातात नाही. दुसरीला गिअरबॉक्समधला एक भाग हवा आहे, जो आता एकच कारखाना बनवतो आणि त्याला द्यायला चौऱ्याण्णव दिवस लागतात. एवढे का, म्हणून त्यांनी कारखान्याला चार पत्रं लिहिली. उत्तर नाही. पाचवं सोमवारी गेलं, सोबत दोन वर्षांच्या खपाचा तक्ता जोडून. सहाव्याचा मजकूर सुनेने आज सकाळी टाइप करून ठेवलाय.